जिव्हर्नीचे तळे

जिव्हर्नी हे फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातले, सीन नदीच्या उजव्या काठावरचे, जेमतेम पाचशे वस्तीचे खेडे. पॅरिसपासून ते सुमारे 75 किलोमीटरवर आहे. चित्रकार क्लोद मोने 1883 साली इथे राहायला आला आणि 5 डिसेंबर 1926 रोजी इथल्याच घरात वारला. मधल्या 43 वर्षांत त्याने इथे चित्रे काढली, आणि चित्रांसाठी एक बागही घडवली. त्या बागेचे मोल चित्रांहून कमी नाही. वसंतापासून शरदापर्यंतच्या सात महिन्यांत पाच लाखांहून अधिक माणसे ती पाहायला येतात. बहुतेकांचा मुक्काम पॅरिसमध्ये असतो आणि सकाळी निघून संध्याकाळी परतण्याचा बेत असतो. एवढ्या वेळात घर, फुलबाग, तळे आणि चित्रकाराची समाधी निवांत पाहून होते. मात्र कुठे थांबायचे आणि कशाकडे पाहायचे हे आधी ठाऊक असले पाहिजे.

पॅरिसहून जायचे ते सेंट लाझार स्थानकावरून. याच स्थानकाचे काचेचे छप्पर, वाफेचे लोट आणि इंजिने मोनेने 1877 साली एकामागून एक कॅनव्हासवर रंगवली होती. तेव्हा ही सहल रेल्वेत बसण्याआधीच सुरू होते असे म्हणायला हरकत नाही. रुआँकडे जाणारी गाडी पाऊण ते एक तासात व्हर्नोन गावी पोचते. तिथून जिव्हर्नी पाच किलोमीटर. गाड्यांच्या वेळा धरून बस सुटते, स्थानकाजवळ भाड्याने सायकली मिळतात, आणि चालण्याची हौस असलेल्यांसाठी सपाट रस्ता आहे. वाटेत सीनवरचा पूल लागतो. पुलाजवळ जुन्या, मोडक्या पुलाच्या खांबांवर उभी असलेली लाकडी पाणचक्की दिसते. हा देखावाही मोनेने रंगवलेला आहे.

जिव्हर्नीला आला तेव्हा मोने 42 वर्षांचा होता आणि पैशांच्या ओढाताणीत होता. पहिली बायको कामीय 1879 साली वारली होती. जाँ आणि मिशेल ही त्याची दोन मुले, पूर्वी त्याची चित्रे विकत घेणाऱ्या पण दिवाळे निघालेल्या अर्नेस्त ओशदे या व्यापाऱ्याची बायको आलिस आणि तिची सहा मुले असा मोठा गोतावळा त्याच्याबरोबर होता. व्हर्नोनहून निघणाऱ्या छोट्या गाडीच्या खिडकीतून त्याने हे गाव हेरले असे सांगतात. गुलाबी भिंतींचे एक लांबट घर त्याने भाड्याने घेतले. सामान येऊन पडते न पडते तोच एदुआर माने या ज्येष्ठ स्नेह्याच्या मृत्यूची बातमी आली आणि खांदा देण्यासाठी मोनेला पॅरिसला परतावे लागले. नव्या घरातले दिवस असे सुरू झाले.

पहिली सात वर्षे हे घर भाड्याचेच होते. 1890 च्या नोव्हेंबरात मोनेने ते 22,000 फ्रँकना विकत घेतले. तोवर पॅरिसचा चित्रव्यापारी पॉल ड्युराँ-रुएल याने त्याची चित्रे अमेरिकेत नेऊन खपवायला सुरुवात केली होती आणि हातात पैसा खेळू लागला होता. घराजवळच्या शेतात रचलेल्या धान्याच्या गंजी तो याच सुमारास निरनिराळ्या प्रहरी, निरनिराळ्या हवामानात रंगवत होता. त्यांतली पंधरा चित्रे 1891 च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये मांडली गेली आणि काही दिवसांतच सगळी विकली गेली. पुढे तळे खणायला, माळी ठेवायला आणि रोपे मागवायला जो पैसा लागला त्याचे मूळ या गंजींमध्ये आहे.

त्याच वर्षी एप्ट नदीकाठच्या पॉप्लर झाडांची मालिका चालू असताना झाडे तोडायला काढल्याची खबर आली. चित्रे पुरी व्हायची होती. मोनेने लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे देऊन झाडे काही काळ उभी ठेवायला लावली. चित्र संपेपर्यंत दृश्य जागेवर राहिले पाहिजे, ही त्याची गरज होती. दुसऱ्याच्या शेतातली गंजी आज आहे तर उद्या नाही, झाडेही तशीच. मग जे रंगवायचे ते स्वतःच्या आवारात, स्वतःच्या ताब्यात असावे या विचाराकडे तो वळला असेल, तर त्यात नवल नाही. बाग त्या विचारातून वाढली असे मानले तर पुढचा सगळा खटाटोप समजतो.

बागेचे दोन भाग आहेत. घरापुढच्या उतारावर फुलबाग आणि रस्त्यापलीकडे तळे. फुलबागेला ‘क्लो नॉर्मां’, म्हणजे नॉर्मंडीचे कुंपणबंद आवार म्हणतात. मोनेने घर घेतले तेव्हा इथे सफरचंदाची झाडे, भाजीचे वाफे आणि मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना सूचिपर्णी वृक्षांच्या गर्द रांगा होत्या. त्या वृक्षांच्या सावलीत फुले येत नव्हती म्हणून मोनेला ते नको होते, तर आलिसला ते हवे होते. हा वाद बरीच वर्षे चालला. अखेर झाडे गेली आणि घराजवळचे दोन यू वृक्ष तेवढे राहिले. ते आजही उभे आहेत. वाटेवर लोखंडी कमानी आल्या आणि त्यांवर गुलाबाच्या वेली चढल्या. उन्हाळा सरता सरता दोन्ही कडांची नॅस्टर्शियम पसरत वाटेच्या मध्यापर्यंत येते आणि खडीची जमीन जवळजवळ दिसेनाशी होते.

सुमारे एक हेक्टरच्या या आवारात वाफे सरळ, काटकोनात आखलेले आहेत. आखणी इतकी काटेकोर असूनही बाग मात्र तशी वाटत नाही, कारण झाडांना छाटून आकार देणे मोनेला मानवत नव्हते. आखणी रेषांची ठेवायची आणि आत रोपांना मोकळे सोडायचे, अशी त्याची रीत होती. दुहेरी पाकळ्यांच्या फुलांपेक्षा साधी एकेरी फुले त्याला आवडत, आणि पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या पानांची झाडे नको असत. एका वाफ्यात एकाच रंगाच्या छटा दाट लावणे, निळ्या-जांभळ्या आयरिसचा लांबच लांब पट्टा काढणे, उंच खोडांच्या गुलाबांखाली बुटकी फुले पसरवणे या गोष्टी रंगाच्या जाणकाराने जमिनीवर केलेल्या आहेत. एप्रिलमध्ये ट्युलिप, मेमध्ये आयरिस आणि तळ्यावरचा विस्टेरिया, जूनमध्ये गुलाब, जुलै-ऑगस्टमध्ये कुमुदिनी, सप्टेंबरमध्ये डेलिया असा क्रम चालतो. म्हणून ‘सर्वांत चांगला महिना कोणता’ या नेहमीच्या प्रश्नाला एक उत्तर देता येत नाही. तळ्यासाठी जायचे असेल तर जुलै किंवा ऑगस्ट, फुलबागेसाठी मेचा शेवट, आणि गर्दी कमी हवी असेल तर ऑक्टोबर. 1 एप्रिल ते 1 नोव्हेंबर एवढाच काळ बाग उघडी असते. हिवाळ्यात तिथे पुढच्या हंगामाची लागवड चालते.

तळ्याची हकीकत 1893 पासून सुरू होते. घराच्या आवारापलीकडून तेव्हा रस्ता आणि त्याला लागून एकेरी रेल्वेमार्ग जात होता. रुळांच्या पलीकडची ओलसर जमीन मोनेने घेतली. एप्ट नदीचा एक फाटा जवळून वाहतो. त्याचे पाणी वळवून तळे भरायचे आणि पुन्हा फाट्यातच सोडायचे अशी त्याची योजना होती. गावकऱ्यांनी त्याला विरोध केला. हे पाणी खालच्या अंगाला गुरांना लागत होते. परक्या मुलखातली झाडे पाण्यात लावली तर पाणी विषारी होईल अशी त्यांना भीती होती. चित्रकाराची हौस आणि शेतकऱ्याचे पाणी यांच्यातला हा तंटा गावकऱ्यांच्या अडाणीपणावर ढकलून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. पाण्यावर जगणाऱ्यांनी पाणी अडवणाऱ्याला जाब विचारला, एवढेच घडले होते.

मोनेने जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला 17 जुलै 1893 रोजी लिहिलेले पत्र या बागेचा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. हे काम केवळ डोळ्यांच्या सुखासाठी आहे, त्यातून रंगवायला विषयही मिळतील, आणि लावायच्या वनस्पती बव्हंशी याच नदीकाठी आपोआप उगवणाऱ्या जातींच्या असल्याने विषाचा प्रश्न येत नाही, असे त्यात त्याने मांडले आहे. त्याच महिन्यात परवानगी मिळाली. पुढे म्हातारपणी, कुमुदिनी लावताना त्या रंगवण्याचा विचारही मनात नव्हता, असे तो सांगत असे. पत्र आणि आठवण यांचा मेळ बसत नाही. पत्रावर अधिक भरवसा ठेवावा. अर्थात, परवानगी मागताना कारण पुढे करणे आणि त्या कारणाचा खरा अर्थ स्वतःला उमगणे यांत काही वर्षे जाऊ शकतात, आणि तशी ती गेलीही. तळ्याच्या चित्रांना जोर आला तो 1899 मध्ये.

कुमुदिनींची कथा वेगळी आणि तितकीच रंजक आहे. युरोपच्या थंडीत टिकणारी कुमुदिनी पूर्वी पांढरीच असे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला तांप्ल-स्युर-लोत या गावी जोसेफ बोरी लातूर-मार्लियाक नावाच्या वनस्पतिप्रेमीने स्थानिक पांढऱ्या जातीचा परदेशी जातींशी संकर करून पिवळ्या, गुलाबी आणि लाल रंगांच्या, थंडी सोसणाऱ्या कुमुदिनी तयार केल्या. 1889 सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या. आयफेल टॉवर उभा राहिला तोही याच प्रदर्शनासाठी. मोनेने 1894 पासून या रोपवाटिकेकडून रोपे मागवली. ती रोपवाटिका आजही चालू आहे. म्हणजे मोनेच्या चित्रांतले गुलाबी आणि पिवळे ठिपके त्याच्या बालपणी कोणाही फ्रेंच चित्रकाराला आपल्या तळ्यात दिसले नसते. ते रंग तेव्हा नुकतेच जन्मले होते.

आपल्याकडच्या कमळाची पाने आणि फुले देठावर पाण्याच्या बरीच वर उठतात, त्यामुळे भरलेल्या तळ्यात पाणी झाकले जाते. कुमुदिनीचे पान पाण्याला चिकटून सपाट पसरते. पानांच्या बेटांमध्ये पाणी उघडे राहते आणि त्यात आकाश, ढग आणि काठचे विलो उलटे दिसतात. मोनेच्या चित्रांचा सारा खेळ या उघड्या पाण्यावर आहे. बेटे फार पसरू नयेत म्हणून त्यांची छाटणी होत असे. पाणी संथ आणि उबदार राहावे म्हणून ते येण्याच्या व जाण्याच्या दोन्ही टोकांना झडपा होत्या. एका माळ्याचे काम होडीतून फिरून वाळकी पाने काढणे आणि पानांवरची धूळ धुणे हे होते. ही धूळ मोटारी जाऊ लागल्यावर कच्च्या रस्त्यावरून उडत असे. शेवटी मोनेने आपल्या खर्चाने तो रस्ता डांबरी करून घेतला. बागेत सहा-सात माळी असत, आणि फेलिक्स ब्रय हा त्यांचा प्रमुख होता. बाग चालवायला किती हात लागत हे यावरून कळते. मोनेच्या एकाकी, निसर्गात रमलेल्या प्रतिमेमागे या पगारी माणसांचे श्रम होते आणि त्यांचा उल्लेख टाळणे बरे नव्हे.

तळ्यावरचा कमानदार लाकडी पूल जपानी छापचित्रांवरून सुचलेला आहे. मोने जपानला कधीच गेला नाही. होकुसाई, हिरोशिगे, उतामारो यांची छापचित्रे मात्र त्याने शेकड्यांनी जमवली होती. जपानी देवळांजवळचे असे पूल पुष्कळदा लाल असतात. मोनेने हा हिरवा रंगवला, काठच्या झाडीत मिसळून जाईल असा. 1901 मध्ये आणखी जमीन घेऊन, फाट्याचा प्रवाह हलवून त्याने तळे कितीतरी मोठे केले. पुलावर जाळी बसवून विस्टेरिया चढवला तो त्यानंतर.

तळे वाढले तशी चित्रे बदलली. 1899 च्या चित्रांत पूल मधोमध आहे, काठ आहेत, झाडी आहे. 1903 नंतर काठ हळूहळू चौकटीबाहेर गेला. क्षितिज नाही, किनारा नाही, फक्त पाण्याचा पृष्ठभाग आणि त्यात पडलेले आकाश. अशी 48 चित्रे 1909 साली ड्युराँ-रुएलकडे मांडली गेली. त्याच्या आदल्या वर्षी मनासारखी न उतरलेली बरीच चित्रे मोनेने स्वतः फाडून टाकली होती. तळ्याची एकूण सुमारे 250 तैलचित्रे त्याने काढली. आज तळ्याकाठी उभे राहणाऱ्याने पुलावरचे छायाचित्र काढून लगेच पुढे सरकू नये. पुलावर नेहमी रेटारेटी असते आणि तिथून तळे नीट दिसतही नाही. समोरच्या टोकाला, विलोंच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या जवळ थांबावे आणि नजर खाली ठेवावी. ढग सरकला की पाण्याचा रंग काही क्षणांत पालटतो. मोने एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडून का बसत असे आणि प्रकाश बदलला की एक बाजूला ठेवून दुसरा का उचलत असे, ते वाचून जितके कळत नाही तितके इथे पंधरा मिनिटांत कळते. फुले सकाळी उशिरा उमलतात आणि संध्याकाळच्या आत मिटतात, म्हणून दुपारचा वेळ तळ्यासाठी राखावा आणि सकाळ फुलबागेला द्यावी. फुलबागेतून तळ्याकडे रस्त्याखालच्या भुयारी वाटेने जाता येते. रेल्वेमार्ग आता राहिलेला नाही.

घर लांबट आहे आणि खोलीला अगदी अरुंद. भिंती गुलाबी, खिडक्यांच्या झडपा हिरव्या. आत मोनेची खरी चित्रे शोधू नयेत. बैठकीच्या खोलीत, जी त्याची पहिली चित्रशाळा होती, प्रतिकृती लावल्या आहेत. घराचे मोल रंगात आहे. जेवणाची खोली भिंती, कपाटे, खुर्च्यांसकट पिवळी आहे, पिवळ्याच्या दोन छटांत. तिच्यापलीकडे स्वयंपाकघर निळ्या नक्षीच्या फरशांचे. दार उघडे असले की पिवळ्यातून निळे दिसते, आणि हा योगायोग नाही. काळोख्या, जड लाकडी सामानाचा तो काळ होता. असे उजळ घर तेव्हा अपवादाने आढळे. जेवणाच्या खोलीच्या भिंतींवर जपानी छापचित्रे आहेत. दुपारचे जेवण साडेअकराला ठरलेले असे, कारण त्यानंतरचा प्रकाश मोनेला वाया घालवायचा नसे. अर्नेस्त ओशदे 1891 मध्ये वारला आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत मोने व आलिस यांनी लग्न केले. आलिस 1911 मध्ये गेली, थोरला मुलगा जाँ 1914 मध्ये. जाँची विधवा ब्लाँश ही आलिसचीच मुलगी आणि स्वतः चांगली चित्रकार होती. मोनेच्या अखेरच्या वर्षांत घर तिनेच सांभाळले, आणि तिच्या चित्रांकडे लोकांचे लक्ष फार उशिरा गेले.

आवाराच्या कडेला काचेच्या छताची एक प्रचंड इमारत आहे. लांबी सुमारे 23 मीटर, रुंदी 12 मीटर. पहिले महायुद्ध चालू असताना मोनेने ती बांधून घेतली, भिंतीएवढी चित्रे काढण्यासाठी. ती इतकी बेढब झाली की बांधल्याचे त्याला स्वतःलाच वाईट वाटले. रणभूमी फार लांब नव्हती, तरीही त्याने गाव सोडले नाही. 1912 मध्येच मोतीबिंदूचे निदान झाले होते. शस्त्रक्रियेला तो 1923 पर्यंत तयार झाला नाही. मधल्या वर्षांतली पुलाची काही चित्रे तांबूस-तपकिरी रंगांनी इतकी भरली आहेत की पूल ओळखूसुद्धा येत नाही. आज या इमारतीत विक्रीचे दुकान आहे. बहुतेक पाहुणे तिथे पिशव्या घेऊन फिरतात आणि छताकडे पाहत नाहीत. पाहायला हवे, कारण विसाव्या शतकातल्या मोठ्या चित्रकामगिरींपैकी एक या छताखाली झाली.

मोनेनंतर बागेची दशा वाईट झाली. ब्लाँश 1947 मध्ये वारली. धाकटा मुलगा मिशेल जिव्हर्नीत राहत नव्हता. 1966 मध्ये मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला आणि घर फ्रान्सच्या ललित कला अकादमीकडे गेले. तोवर पूल कुजला होता, तळ्याचे काठ जलचर उंदरांनी पोखरले होते, काचगृहाच्या काचा फुटल्या होत्या आणि मोठ्या चित्रशाळेत झाडे उगवली होती. व्हर्सायचा राजवाडा सावरणारे जेराल्ड व्हान देर केम्प यांनी 1977 पासून हे काम हाती घेतले. पैसा मुख्यतः अमेरिकन देणगीदारांकडून आला. माळीकामाची जबाबदारी जिल्बेर व्हाए यांनी उचलली. जुनी छायाचित्रे आणि मोनेला ओळखणाऱ्या माणसांच्या आठवणी यांच्या आधारे लागवड पुन्हा बसवली गेली, तळे उपसून काठ नव्याने बांधले, पूल नवा केला. 1 जून 1980 रोजी बाग लोकांना खुली झाली. तेव्हा आज दिसते ती बाग जशीच्या तशी मोनेची नव्हे, अभ्यास करून पुन्हा उभी केलेली आहे. याने तिचे मोल कमी होत नाही. बाग दरवर्षी नव्याने लावावीच लागते, मोनेच्या हयातीतही ती तशीच लावली जात होती.

घरापासून गावाच्या मुख्य रस्त्याने दहा-पंधरा मिनिटे चालले की सेंत रादगोंदचे जुने चर्च लागते. मोनेच्या कुटुंबाची कबर तिथे आहे. त्याच्याबरोबर आलिस, मुले आणि अर्नेस्त ओशदेही तिथेच आहेत. जवळच 1944 मध्ये विमान कोसळून मृत्यू पावलेल्या सात ब्रिटिश वैमानिकांची कबर आहे. वाटेत हॉटेल बोदी दिसते. 1887 पासून अमेरिकन चित्रकारांचे जथे इथे उतरू लागले. थिओडोर रॉबिन्सन त्यांतला मोनेच्या जवळचा. थिओडोर बटलर याने तर आलिसच्या मुलीशी लग्न केले. या वस्तीचा मोनेला फारसा आनंद नव्हता.

चित्रशाळेतली भिंतीएवढी चित्रे मात्र जिव्हर्नीत नाहीत. युद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 12 नोव्हेंबर 1918 रोजी, मोनेने पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसोला पत्र लिहून दोन चित्रे राष्ट्राला देऊ केली. क्लेमांसो त्याचा जुना मित्र. देणगी वाढत गेली आणि पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयातील दोन लंबवर्तुळाकार दालनांवर येऊन ठरली. तिथे आठ रचना आहेत, प्रत्येकी सुमारे दोन मीटर उंच, मिळून जवळजवळ शंभर मीटर लांब. ‘दोन विलो’ ही एकटीच सतरा मीटर आहे. ती दालने मोनेच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, 17 मे 1927 रोजी खुली झाली. 1960 च्या दशकात वरच्या मजल्याने छताचा प्रकाश अडवला होता. 2006 मध्ये दालने पुन्हा उघडली तेव्हा तो परत आणलेला होता. सकाळी लवकर जिव्हर्नी गाठले, दुपारी तळे पाहिले आणि चारच्या आधीची गाडी पकडली तर त्याच दिवशी ओरांजरी बंद होण्यापूर्वी तासभर मिळतो. तळे डोळ्यांत ताजे असताना ही चित्रे पाहणे आणि महिन्याभराने पाहणे यांत फार फरक आहे. ओरांजरी मंगळवारी बंद असते, तेव्हा हा बेत मंगळवार सोडून करावा. ज्या चित्रावरून इम्प्रेशनिझम या चित्रसंप्रदायाला नाव मिळाले ते 1872 सालचे ‘सूर्योदयाचा ठसा’, आणि मिशेलने वारशाने दिलेली मोनेची चित्रे, पॅरिसच्या मार्मोत्तां संग्रहालयात आहेत. ते सोमवारी बंद असते आणि त्यासाठी दुसरा दिवस काढावा लागतो.